दादाच्या ओठांवरचं

१२ मार्च, मंगळवार

चि. मुंगी हिस,

काकाचे आशीर्वाद. तुझं आणि जावईबापूंचं ठीक चाललं असेल. छोटीचा खोकला गेला का? इथे काकूचा गुडघा सोडला तर घरात नवं दुखणं नाही.

गेल्या बुधवारी सकाळी मी तुझ्या बाबांची, दादाची दाढी केली. डॉक्टर बाई यायच्या होत्या. मानेखाली उशी दिली, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर ठेवला. गालांचे आता खड्डे झालेत, वस्तरा नीट बसत नाही, म्हणून बोटाने कातडी ताणून धरावी लागते. मग निळा सदरा घातला. दादा म्हणाला, "फोटो काढायचाय का माझा?" मी हसलो. नंतर देवापुढे हात जोडायला आत गेलो आणि तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्ये बोलतेस, मी गप्प होतो, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र.

दादा म्हणाला असं मी लिहितो, पण त्याचा आवाज कधीच गेला हे तुला माहीत आहे. हातही गेले. ओठ तेवढे थोडे हलतात आणि ते मला कळतात. तू लहान होतीस तेव्हा आम्ही दोघं एकाच कापडाच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर होतो. सगळे माग सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, तिथे सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात. आमच्या गप्पा, भांडणं, मुकादमाच्या नकला, सगळं बिनआवाजाचं चालायचं. आता तीच विद्या कामाला येते. काकूला त्याचं बोलणं कळत नाही, डॉक्टर बाईंना तर नाहीच. दवाखान्यातून अक्षरांची पाटी दिली होती, नजरेने एकेक अक्षर दाखवायचं. दादा मला अजून छोट्याच म्हणतो. म्हणाला, "छोट्या आहे ना, पाटी कशाला?" ती कपाटावर पडून राहिली.

बाई कशासाठी येणार होत्या तेही तुला माहीत आहे. आजार बरा होणारा नाही असं ठरलं की इथल्या नव्या कायद्याने माणसाला औषध घेऊन स्वतःहून जायची परवानगी मागता येते. दादाने ती मागितली तेव्हा त्याला थोडा आवाज होता. आता बाईंनी समोर बसून पुन्हा एकदा विचारायचं होतं. तू तेव्हा म्हणाली होतीस, "वैतागलेला माणूस काहीही बोलतो काका. आपण लगेच हो म्हणायचं का?" मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. दिलेला श्वास आपल्या हाताने परत करायचा नसतो असंच मी लहानपणापासून मानत आलो.

बाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मला म्हणाल्या, "तुम्ही मध्ये नाहीच असं समजा. 'ते म्हणतात' असं सांगायचं नाही. त्यांचं वाक्य जसंच्या तसं, 'मी' म्हणून." मग दादाकडे वळल्या. "सांगा, तुम्हाला काय हवंय?"

त्याच दिवशी मी तुला फोनवर सांगितलं, बाबा म्हणाले की अजून थांबू या. तू रडलीस. "मला माहीतच होतं काका," म्हणालीस, आणि इकडे यायचं तिकीट पुढे ढकललंस.

मुंगी, दादा तसं म्हणाला नव्हता.

तो म्हणाला, "मला मरायचं आहे. मी विचार करून सांगतोय." सावकाश म्हणाला, मला चुकायला जागा राहू नये म्हणून. आणि ते मला माझ्या तोंडाने म्हणायचं होतं. पापपुण्याचा विचार नंतर आला. आधी नुसती भीती होती, की हे शब्द या खोलीत मी उच्चारले तर परत घेता येणार नाहीत. मी म्हणालो, "मला अजून थोडे दिवस थांबायचं आहे." आवाज इतका सरळ निघाला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

बाईंनी दादाला विचारलं, "बरोबर?" आमची खूण ठरलेली आहे. डोळे मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याने डोळे मिटले.

त्याने मला सांभाळून घेतलं. परक्या माणसासमोर तोंडघशी पडू दिलं नाही. माझ्या खोट्याला त्याने स्वतःचं हो जोडलं.

त्यानंतर मी त्याच्या समोर जाईना. समोर गेलं की ओठ दिसणार. पाणी पाजायचं ते बाजूने, भरवताना नजर चमच्यावर. एकदा काकू म्हणाली, "अहो, त्यांच्या तोंडाकडे बघा तरी. मघापासून काहीतरी म्हणतायत." मी न बघताच म्हटलं, "कूस बदल म्हणतोय." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला भाऊ हवाय, का नुसती भरलेली खाट हवीय?" एवढं बोलून भांडी घासायला गेली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत तिनेही मला वाचायला शिकून घेतलंय.

शुक्रवारी दुपारी दादाला ठसका लागला. त्याला थुंकी गिळता येत नाही, ती श्वासात जाते. यंत्राची नळी तोंडात घालून ओढून काढावी लागते. नळी दातांना अडत होती, त्याचे ओठ निळे पडत चालले होते. तेव्हा मला त्याच्याकडे बघावंच लागलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते लिहीत नाही. मी देवाचं नाव घेत होतो, पण काय मागतोय तेच मला कळेना. वाचव म्हणतोय की सोडव म्हणतोय?

श्वास ताळ्यावर आल्यावर तो म्हणाला, "घाबरलास?"

"हो."

"मीपण. मरायची भीती नाही रे. असं मरायची."

मी खाटेवरच बसलो. जे विचारायला इतके महिने धजलो नव्हतो ते विचारलं. "आम्हाला त्रास होतो म्हणून जायचं म्हणतोस का?"

"त्रास तर होतोच तुला. पण तुझ्यासाठी मरायला तू कोण मोठा लागून गेलास?"

"मग मी देवाला काय सांगू?"

"असला तर मीच सांगतो. म्हणेन, हा नुसता बोलला, बाकी सगळं माझं."

मला हसू आलं, आणि त्याची लाज वाटली. मग मी विचारलं, "आणि मुंगीला काय सांगू?"

तिथे मात्र त्याचे ओठ हलायला लागले आणि थांबले. मी वाट पाहिली. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळत नाही, म्हणून मीच उठून खिडकीशी गेलो.

शनिवारी डॉक्टर बाईंना फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं सांगितलं." त्या म्हणाल्या, "आता तुमच्या एकट्याच्या शब्दावर मला जाता येणार नाही. ती पाटी खाली काढून ठेवा." मी काढली. धूळ पुसली.

तू ये, मुंगी. तिकीट पुन्हा अलीकडे आण. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील. बाई म्हणाल्या, होकार झाला तरी औषध मिळेपर्यंत मध्ये अजून काही दिवस जातात, आणि त्या दिवसांत तो कोणत्याही क्षणी नको म्हणू शकतो. तू येऊन त्याच्याशी भांड. त्याला सगळं ऐकू येतं. तो काय बोलेल ते मी तुला सांगेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. त्याने नको म्हटलं तर तेही सांगेन, आणि माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

आज सकाळी बाई आल्या आणि त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. पाटी घेऊन त्या एकट्याच दादापाशी बसल्या. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. काकूने मला स्टुलावर बसवलं. आतून बाईंचा एकेक अक्षर म्हणण्याचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हता. मी देवाकडे एकच मागत होतो, की दादाने नाही म्हणावं. इतक्या मनापासून मी कधी काही मागितलं नसेल.

दार उघडलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय. माझ्यापुरतं ते पुरे आहे. पण त्यांना ते तुमच्या तोंडून हवंय. तुमची तयारी नसेल तर राहू दे."

मी खाटेच्या पायाशी उभा राहिलो. खाटेची कड धरली. दादाच्या ओठांकडे पाहिलं आणि शेवटपर्यंत नजर हलवली नाही. तो थांबला की मी थांबलो, तो बोलला की मी बोललो.

"मला मरायचं आहे. मी विचार करून सांगतोय. मला कोणी भरीला घातलेलं नाही. माझ्या भावाला याची फार भीती वाटते, तरी त्याने हे सांगावं असं मीच म्हटलं."

सगळं म्हटलं, मुंगी. एक शब्द गाळला नाही.

अजून भ्यालेला,
तुझा काका