न्हाणीघरातील टब युद्धनौकेकडून परत मिळावा

प्रति,
मा. श्री. नीलकंठ घैसास,
निवृत्त कार्यकारी अभियंता (माझे सासरे),
मुक्काम: आमचा दिवाणखाना, चौथा मजला, कोबे, जपान.

विषय: आंघोळीचा टब रिकामा करून मिळण्याबाबत.
संदर्भ: आपला तोंडी आदेश, “लेखी द्या, मग बघू,” दि. २४ फेब्रुवारी.

महोदय (आणि बाबा),

१. आपल्या टबाची आतील लांबी १०६ सें.मी. आहे. मी स्टीलच्या पट्टीने तीनदा मोजली. ‘इसे’ ही युद्धनौका इथेच, कोबेच्या गोदीत बांधली गेली आणि १९१७ साली पूर्ण झाली. आपण केलेली तिची लाकडी प्रतिकृती १०४ सें.मी. भरली. ती टबात तरंगली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

२. पुढे आपल्या वाचनात आले की १९३०च्या दशकात मूळ जहाजाचा मागचा भाग साडेसात मीटरने वाढवला होता. त्यानुसार प्रतिकृतीला मागे तुकडा जोडला गेला व ती १०८ सें.मी. झाली. “चारच सेंटिमीटर तर वाढलेत,” असे आपण म्हणालात. तेव्हापासून जहाज टबात तिरके, दोन कोपऱ्यांत घट्ट बसले आहे. कोणत्या सालचे रूप ठेवायचे हे ठरेपर्यंत ते हलवू नये, असाही आपला आदेश आहे.

३. ऐन युद्धात, १९४३ साली, मागच्या तोफा काढून तिथे विमानांसाठी फलाट बसवला गेला. तिथून उडालेले विमान त्याच जहाजावर परत उतरू शकत नसे. मी ही त्रुटी निदर्शनास आणली असता आपण म्हणालात, “मंजूर झालेलं काम आहे, यामिनी. प्रश्न विचारायचे नसतात.” फलाटही बसला.

४. दि. १७ फेब्रुवारी रोजी इमारतीची देखभाल करणारे मोरिता-सान सांडपाण्याचे पाइप साफ करायला आले. आता तरी टब सुटेल, अशी मला आशा होती. ते जहाजापुढे गुडघे टेकून बसले आणि बोटांनी चार व तीन, म्हणजे १९४३ साल, दाखवले. आपण एक व सात दाखवलेत. त्या दिवसापासून ते रोज दहा वाजता चिमुकली विमाने घेऊन येतात. एकमेकांची भाषा येत नसूनही आपले भांडण अखंड चालते. साबणाच्या ताटलीत सध्या अकरा विमाने वाळत आहेत. पाइप अद्याप तुंबलेलेच आहेत.

५. आपल्या नातीने, आर्याने, शाळेच्या निबंधात लिहिले, “आमच्या घरी फक्त जहाज आंघोळ करतं.” तिच्या बाईंनी काळजीने फोन केला. केदारला विचारावे तर तो म्हणतो, “बाबांना विचार.” मला सर्दी होऊन नऊ दिवस झाले, पण गरम पाण्यात बसायची सोय नाही.

६. मी पदार्थविज्ञानाची संशोधक असल्याने आपण जहाजाला वापरलेला डिंक तपासला. ४२ अंशांच्या पाण्यात तो अकरा मिनिटांत सुटतो. तरी आपण एक साल निवडावे व आज टब मोकळा करावा, ही विनंती.

आपली आज्ञाधारक, पण आंघोळीसाठी आतुर सून,
डॉ. यामिनी केदार घैसास
रविवार, दि. २ मार्च २०२५

सोबत: सुटलेल्या डिंकाचा नमुना, एक.

ता. क.: सही करून मी टबातले पाणी ४२ अंशांपर्यंत तापवण्याचे बटण दाबले. भिंतीवरच्या यंत्रातील बाईंनी तसे गोड आवाजात जाहीर केले. आत आपण आणि मोरिता-सान जहाज ओढू लागलात, ते हलेना. शेवटी आपण ओरडलात, ते शब्दशः नोंदवत आहे: “केदार, करवत आण! मागचा तुकडा काप! सतराचंच ठेवतोय, सतराचं!”