चार नंबरच्या दाराचा बिघाड

विस्कॉन्सिन, १२ जून

ती. लोर्नाताईस,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? एमेट भावोजींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे मी आणि बायको बर्निस धडधाकट आहोत. मी बेकार आहे, पण त्याने काही ताप येत नाही.

तुला उडत उडत कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. एप्रिलमध्ये आमच्या चीजच्या कारखान्यात, माल चढवायच्या चार नंबरच्या दारासमोर, एका रानहंसिणीने पाच अंडी घातली. ट्रक मागे आला की संपलंच. मी मॅनेजर केसलिंगला सांगितलं. (अंडी हलवायला परवाना लागतो, हेही सांगितलं.) तो म्हणाला, "काठीने हाकल तिला आणि अंडी टाक कचऱ्यात." एकोणीस वर्षांत मी त्या माणसाचं सगळं ऐकलं, हे मात्र हातून होईना. मी दारावर 'नादुरुस्त' अशी पाटी लावली, नोंदवहीत 'मोटर जळाली' लिहिलं आणि सव्वीस दिवस सगळे ट्रक बाकीच्या तीन दारांना लावले. (पाठ माझीच मोडली.) शेवटी केसलिंगने शहरातून मेकॅनिक बोलावला. त्याने बटण दाबलं आणि दार गुपचूप वर गेलं. दुपारी मी घरी.

बेकारभत्त्याचा अर्ज केला, तर उत्तर आलं की जाणूनबुजून गैरवर्तन केल्यामुळे भत्ता मिळणार नाही. मी अपील केलं. सुनावणी फोनवर होती. बर्निसने आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलं, "म्हणायचं, मोटरचा आवाज येत होता, मला वाटलं बिघडलीय." फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून आम्ही बसलो. न्यायाधीशबाईंचा आवाज मऊ होता.

"दार चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

बर्निसने टेबलाखालून लाथ मारली.

"हो बाई. उत्तम चालत होतं. ग्रीस मीच घालायचो."

"मग नोंदवहीत कोणी लिहिलं?"

"मीच. रोज."

बर्निसने डोकं टेबलावर टेकलं. बाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पिल्लं निघाली का?"

"पाचही."

"बाई, याचा इथे काय संबंध?" लाइनवरून केसलिंग खेकसला.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

आठवड्याने निकाल आला. अपील फेटाळलं. तीन पानं आहेत, माझं प्रत्येक वाक्य शब्दशः छापलंय. पिल्लांचा उल्लेख नाही.

राग येत नाही ताई, नुसता थकवा येतो. अजून पहाटे साडेचारला जाग येते. बूट घालतो आणि पलंगावर बसून राहतो. बर्निसने शाळेच्या स्वयंपाकघरात जादा पाळी घेतलीय. ती मला काही बोलत नाही, आणि ते फार लागतं.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. : भावोजींच्या लाकडाच्या वखारीत माणूस हवा आहे का? सहज विचारलं. नसला तरी काही नाही.

ता. क. २ : सहज विचारलेलं नाही. आणि मी हे विचारतोय ते बर्निसला माहीत नाही, तिला कळवू नकोस.

ता. क. ३ : लोर्नाताई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, तेव्हा वाचलं. भावोजींनी ठेवलं तर फार उपकार होतील. फक्त यांना गल्ल्यावर गिऱ्हाइकांशी बोलायला बसवू नका, ओली लाकडं कोणती तेही सांगून टाकतील. मागे माल चढवायला ठेवा. माणूस चांगला आहे, मी खात्री देते. — बर्निस