बोअरवरचे उघडे कान

आप्पा, आज मी कानात बुचं घालून बोअर ऐकायला गेलो होतो. तुम्ही असता तर तिथंच चारचौघांत माझी हजेरी घेतली असती. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि या वयातही काही चुकीचं करताना मी आधी मागं वळून बघतो. यंदा लातुरात पुन्हा बहात्तरसारखंच साल आहे. रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एवढं सांगितलं तरी तुम्हाला कळेल. गल्लीगल्लीत बोअरच्या गाड्या उभ्या आहेत, सकाळी नऊला सुरू होतात त्या दिवेलागणीपर्यंत. ज्या आवाजावर आपण दोघांनी आयुष्य काढलं, तोच आता माझ्या दारात येऊन बसलाय.

माझ्या कानात वाजतं, आप्पा. बारीक, सलग, रातकिड्यासारखं, डाव्या कानात जास्त. किती वर्षांपासून ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण तुमची सून गेल्यापासून वाढलं असं वाटतं. घरात दुसरं माणूस असलं की भांड्यांचा, बोलण्याचा आवाज असतो, त्यात ते बुडून जातं. आता घरात मी आणि ते. विहारात वंदना संपली की सगळे डोळे मिटून शांत बसतात, तिथं तर ते असं चढतं की मला उठून बाहेर जावंसं वाटतं. दोन-तीनदा उठलोही. मग लोक विचारतात, काय झालं, बरं नाही का. त्यांना काय सांगायचं? तुमच्या शांततेचा मला त्रास होतो, असं सांगता येतं का कुणाला? मी जायचंच सोडलं.

पोरीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, कानाला काहीतरी लावा, या गाड्यांनी आहे तेही जाईल. मी गांधी चौकाकडं जाऊन मेडिकलमधून पिवळी फोमची बुचं आणली. ती बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बूच आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. हे मला पुढं कळलं. मी आपली बाटलीला लावल्यासारखी नुसती टेकवली, ती चहा पिताना कपात पडली. मग हेडफोनसारखं दिसतं ते मोठं कानझाकण आणलं. ते घातलं आणि आप्पा, मला वाटलं सुटलो. गाडी बंद, शेजाऱ्यांचा टीव्ही बंद, जग बंद. मी ते दिवसभर घालायला लागलो, जेवतानासुद्धा. पंधरा दिवसांत रातकिड्याचा भोंगा झाला आणि ताटावर पळी आपटली तरी दचकायला लागलो. कानाची डॉक्टरीण पोरीच्या वयाची आहे. ती म्हणाली, "काका, मोठा आवाज असेल तिथंच घाला. घरात काढून ठेवा, पंखा लावा, रेडिओ बारीक लावा. कानाला काहीच ऐकायला मिळालं नाही की तो आतलंच मोठ्यानं ऐकतो." माणसाचंही तसंच होतं, हे तिला सांगावंसं वाटलं, पण बाहेर गर्दी होती. तिनंच तिसरा प्रकार सांगितला, रबराची बुचं, मधे बारीक छिद्राची चाळणी असलेली. आवाज अडत नाही, सगळाच थोडा खाली बसतो, बोलणं कळतं. ती पोरीनं पाठवली. उठताना मी डॉक्टरणीला विचारलं, कापूस चालला असता का? ती हसली. "कापसानं काय होतंय काका? मनाचं समाधान."

त्या एका वाक्यावर मी आठ दिवस बसून आहे.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही गाडीवर हमाल म्हणून चढलात आणि खाली खडक फोडणाऱ्या हातोड्याचे दांडे सांभाळता सांभाळता मिस्त्री झालात. जमिनीखाली दोनशे फुटांवर काय चाललंय ते तुम्हाला वर ऐकू यायचं. पाषाण लागला की टणटण, मुरूम लागला की भदभद, आणि पाणी जवळ आलं की आवाज ओला होतो, असं तुम्ही म्हणायचात. आम्हाला तो ओला आवाज ओळखायला पाच वर्षं लागली. लातूर जिल्हा झाला तेव्हा आपली गाडी उस्मानाबादहून इकडं आली, नव्या हापिसाची पाटी रंगवून व्हायची होती, आणि तुम्ही मला कामाला लावलंत. एकवीस वर्षांचा होतो. हापिसात सगळे पेढे खात होते. तुम्ही म्हणालात, "जिल्हा नवा आसंल, खडक त्योच हाय." निघताना आई चुलीपुढं बसून कापसाचे बोळे करडीच्या तेलात बुडवायची, दोन तुमच्या कानात, दोन माझ्या. तुम्ही बोळा घालायचात आणि हातोडा खाली सोडला की काढून खिशात टाकायचात. आई खिसा धुताना चिडायची.

औशाच्या पलीकडचं ते गाव. हातपंपासाठी बोअर होता, सकाळपासून बायका घागरी घेऊन निंबाखाली रांगेत बसलेल्या. तुम्हाला सरपंचानं चहाला नेलं आणि हातोडा वर-खाली करायचा गाडीवरचा दांडा पहिल्यांदा एकट्या माझ्या हातात आला. मला आजही तो दांडा हातात जाणवतो, गरम, थरथरणारा. एक म्हातारी मला हातवारे करून विचारतेय, लागलं का? मी हात वर करून सांगतोय, आता लागेल. आणि खाली माती ढासळली. हातोडा अडकला. तुम्ही चहा टाकून पळत आलात, संध्याकाळपर्यंत वर-खाली करून पाहिलं, पण तो आला नाही. हातोडा तसाच आत टाकून दुसऱ्या दिवशी गाडी यादीतल्या पुढच्या गावाला गेली. बायका रिकाम्या घागरी घेऊन उठल्या. कुणी शिवी दिली नाही, ती दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळीच तुम्ही माझ्याकडं आलात आणि सगळ्यांदेखत माझ्या कानातले बोळे उपटून फेकलेत. "कान बुजून पानी घावतंय का रे कुठं? आवाज बदलला त्यो ऐकूच आला न्हाई तुला. हाव का न्हाई?" मी मान हलवली. त्या दिवसापासून आपल्या गाडीवर कायदा झाला, कानात काही घालायचं नाही. मिस्त्री नाही, हमाल नाही, ड्रायव्हरसुद्धा नाही. तुम्ही स्वतःही घरून निघताना बोळा घेणं बंद केलंत. आईनं एकदा हातावर ठेवला तर म्हणालात, "पोराला काढाया लावला आन् मी घालू व्हय?" मी पंचवीस वर्षं उघड्या कानानं काम केलं.

शेवटची दोन वर्षं तुम्ही आपल्या गावी, कंधारच्या घरी ओसरीवर बसून असायचात. मी आलो की विचारायचात, "कुठं गाडी चालून राहिली रं?" गावात गाडी नसायची. एकदा मला जवळ ओढून हळूच म्हणालात, "मला लई वाजतंय. डोस्कं तर फिरलं न्हाई ना माजं?" मी म्हणालो, वयानं होतं आप्पा. आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून तास होता.

आज दुपारी समोरच्या प्लॉटवर गाडी लागली. शेजारी मला बोलवायला आले, काका तुम्ही जुने मिस्त्री, जरा ऐकून सांगा. मी चाळणीची बुचं घातली आणि गेलो. मनात धाकधूक होती, काढावी की ठेवावी. ठेवली. दीडशे फुटांच्या पुढं आवाज बदलला. टणटणीतला कडकपणा गेला, पायाखालची थरथर सैल झाली. बुचं कानात असताना, रातकिडा वाजत असताना मला ते स्वच्छ कळलं. मी हात वर केला, ओरडलो, थांबवा, माती ढासळतेय. गाडीवरच्या पोरानं लगेच हातोडा वर घेतला, माती अडवायला आधी पाइप सोडून मग पुढं नेला. संध्याकाळी दोन इंच पाणी लागलं. लोकांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, कुणीतरी नारळाचा तुकडा हातात दिला. सगळे खूश होते. मी घरी येऊन बसलोय, आणि हे लिहितोय.

कारण आता मला पळवाट राहिली नाही. रबराच्या बुचातून जे ऐकू येतं, ते तेलाच्या कापसातून आलं नसतं का? हे पत्र टाकायला पेटी नाही आणि वाचून दाखवायला घरात कुणी नाही, म्हणून लिहून टाकतो. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं, आप्पा. भदभद सुरू झाली ती मला कळली होती. तुमचा चहा होईपर्यंत आपण पाणी काढून दाखवावं, बायकांनी माझं नाव घ्यावं, म्हणून मी दांडा दाबून धरला. तुम्ही कापसाला दोष दिलात आणि मी मान हलवली.