आत्याबाईंच्या खुब्याचा गोळा

मु. आपलंच गाव, ता. गेवराई

चौसाळ्याच्या आक्कांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हंजे रतनचा नमस्कार. पाया पडते. रागात असलात तरी पाय मागं घेऊ नका, थोरल्या नणंदेच्या पाया पडल्याबिगर मला पुढं लिहिता येत न्हाई. दाजींचा खोकला कसा हाय? तुमचं बीपी? (वाढलेलं आसंल, ठावूक हाय. आमच्यामुळंच वाढलं, ते बी ठावूक हाय.) इकडं तुमची माय, माझ्या आत्याबाई, जित्या हायत. हे आधीच लिहिलेलं बरं, मागच्यासारखा घोळ नको. जित्या हायत, जेवतात, मला नावं ठेवतात, फक्त खाटंवरून पाय खाली टेकवंनात.

कागद कावून लिहिती म्हणताल. तुमी माझा फोन उचलत न्हाई, तुमच्या भावाचा उचलत न्हाई, अन शेजारच्या जाईबाईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कट केलात. कागद कट करता येत न्हाई. फाडता येतो, पण फाडायच्या आधी तुमी वाचणारच, मी वळखते तुमाला. माझी शाळा चौथीपातूरची, तवा चुका काढत बसू नका.

तर पयल्यापासनं सांगते, कारण तुमाला तुमच्या सासरच्या त्या सटवानं काय काय सांगितलं देव जाणे. आत्याबाई कुठं उंचावरून पडल्या न्हाईत. अंगणात कोंबडी हुसकायला उठल्या, वळल्या अन खाली बसल्या. एवढंच. पण पाय बाहेरच्या अंगाला वळला अन आखूड दिसाया लागला. तुमचे भाऊ म्हणले मुरगळला आसंल, हाड बसवणाऱ्याकडं नेऊ. म्हणलं मुरगळून पाय आखूड होतो का? जीप केली अन बीडला नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला अन म्हणला खुब्याचं हाड मोडलंय. नुसतं खाली बसल्यानं? तो म्हणला, आजी, वय झालं की हाड आतून पोकळ पडतं, वाळवी लागलेल्या चौकटीगत. (आजी मला म्हणला. मला! तिथंच तो माझ्या मनातून उतरला. वर माझी बी हाडं तपासून घ्या म्हणला, म्हंजे एका पेशंटवर भागंना.) बोलणं गोड होतं. गोड बोलणाऱ्या डॉक्टरचा मला लई संशय येतो. खेकसणारा बरा, त्याला आपली गरज नसती.

तुमी तवा फोनवर म्हणालात, ह्या वयात मायला कापू नका, कापलंत तर मी दारात पाय ठेवणार न्हाई. तुमच्या भावाचं तुमाला म्हाईत हाय, मोठ्यानं बोलंल त्याला हो म्हणतात. तुमाला हो म्हणले, डॉक्टरला बी हो म्हणले, अन खाली चहा प्यायला गेले. मग मीच डॉक्टरला धरलं. म्हणलं गोड नको, सरळ सांगा, न्हाई केलं तर काय? तो म्हणला पडून राहतील, पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरंल अन त्यातच जातील. केलं तर? तर म्हणला धोका हाय, खोटं सांगत न्हाई, पण उभं राहायची आशा हाय, अन उशीर करताल तशी ती कमी होती. धोका हाय म्हणला तवा मला जरा इस्वास वाटला. सही माझी हाय, आक्का. शिव्या द्यायच्या तर मला द्या, भावाला नको.

आता गोळ्याचं. मोडलेला गोळा काढून तिथं धातूचा बसवायचा हुता. माझ्या मनात आलं, दुसऱ्या कुणाचा काढलेला जुनाच बसवला तर? म्हणलं दाखवा. तर म्हणले पाकीट बंद हाय, आतच फोडायचं असतं. बंद पाकीट मी लग्नातल्या आहेराचं सोडून कुणाचं घेत न्हाई. शेवटी नर्सनं बाहेरून दाखवलं, मी सगळ्या बाजूनं दाबून बघितलं, ती ओरडली, मग दिलं.

ऑपरेशन झालं अन डॉक्टर ट्रेमधी जुना गोळा दाखवायला आला. मोठ्या लिंबाएवढा. म्हणलं बांधून द्या. तर म्हणला देत न्हाईत, पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो. कोण जाळणार? कुठं? आमच्या माणसाचं हाड आमच्या हाताबिगर पेटवणारा ह्यो कोण? हाडाचा धंदा करता का काय? मी आवाज चढवल्यावर अख्खा वार्ड दारात आला अन डॉक्टरनं हात जोडून एका बरणीत घालून दिला. आत्याबाईंना सांगितलं तर त्यांचं निराळंच. म्हणल्या, त्याला गंगेत सोडा, न्हाईतर वर गेल्यावर मी काय लंगडत हिंडू? पाठीतल्या सुईचा अंमल हुता, पण बोलणं पटलं.

घरी आणल्यावर तुमचे भाऊ गोळा लाल फडक्यात बांधून गोदावरीला गेलते. लाल फडकं मीच दिलं. (दुसरं धुतलेलं नव्हतं.) घाटावरच्या न्हाव्यानं फडकं बघितलं अन म्हणला, या मालक, बसा. बसले की! माय जिती हाय, नुसता खुबा गेलाय, एवढं दोन शब्द सांगायला काय जात हुतं? मला म्हणतात, तो वस्तरा घेऊन उभा, त्याला कुठं समजावत बसू. डोकं गेलं, मिशी गेली. अन तसं पाण्यातून बाहेर येताना नेमका तुमच्या सासरच्या सटवानं बघितलं. त्यानं जवळ येऊन विचारलं का? लांबूनच हात जोडले अन तुमाला फोन लावला.

पुढचं तुमाला म्हाईत हाय, पण आमच्या बाजूनं ऐका. मी भाकरी थापती, आत्याबाई अंगणात खाटंवर. गल्लीच्या तोंडाला टेम्पो थांबला अन बायांचं रडणं उठलं. रडणं कानावर आलं की आत्याबाईंना राहवतंय व्हय? पदर तोंडाला लावला, सूर धरला, चांगलं दोनदा छाती बडवून घेतली अन मग मला इचारलं, कोण गेलं गं? तेवढ्यात तुमी दारात. माय समोर बसून रडती, तुमी मायसाठी रडता. मी हसले न्हाई, आक्का, शपथ. तुमची जाऊ हसली. पयली तीच. मग टेम्पोतले सगळे. तुमी मायचं तोंड बी नीट न बघता, पाणी न पिता माघारी गेलात. चौसाळ्यात तुमाला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई म्हणालात. खरं हाय. पण आमी काय मुद्दाम केलं?

आता डॉक्टर म्हणतो वॉकर धरून रोज चालवा, न्हाई चालल्या तर केलेलं सगळं वाया. आत्याबाई म्हणतात गोळा रुततो. गोळ्याचा मला आधीच संशय, परत नेऊन फोटो काढला. गोळा जागच्या जागी, पायात जोर हाय म्हणले. मग उठंनात कावून? ते डॉक्टरला काय कळत न्हाई. मला कळतंय, पण मी कशाला सांगू. तुमाला या म्हणणार न्हाई. आमचं तुमच्याबिगर काय अडत न्हाई.

दाजींना नमस्कार. जावेला न्हाई.

तुमची भावजय,
रतन

ता. क. अडतंय. आत्याबाई म्हणतात, माझी केसर येऊन हात धरंल तवाच उठन. मी धरला तर हात झटकतात. त्यांचं लेकीवाचून अडलंय अन तुमी टेम्पोतल्यांच्या हसण्याचं धरून बसलात. हसू आज न्हाई उद्या थांबंल. मायचा पाय आखडला तर सुटणार न्हाई. या.

पुन्हा ता. क. हे मायला सांगायचं न्हाई. काल दुपारी मी गोठ्याच्या आडून बघितलं. आत्याबाई वॉकर घेऊन उठल्या, दारापातूर गेल्या, चौकटीला धरून रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. लई वेळ. माझ्या बांगड्या वाजल्या तशा झपाझप माघारी, अन खाटंवर पडून कण्हाया लागल्या. मी काय बघितलं न्हाई. तुमी आलात की हात धरा, अन त्यांनी पयलं पाऊल टाकलं की चांगलं रडा. पण ह्या आठवड्यात या. उंबरा ओलांडाया शिकल्या तर एक दिवस एकट्याच चौसाळ्याच्या एस्टीत बसतील, अन सगळा गाव म्हणंल, सुनेनं हाकलली.