रुखवताच्या भांड्यांवरची नावं

मैलापूर, चेन्नई
गुरुवार, ११ जुलै २०२४

चि. रुचिरा,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. सिरुसेरीला तुमच्याकडे पाणी येतंय ना? टँकर लागतात असं पेपरात वाचलं. फोनवर तू "हं" म्हणतेस, मी "बरं" म्हणतो आणि दोघंही सुटतो. म्हणून हे कागदावर.

बातमी अशी की महिनाअखेर दुकान बंद करतोय. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही फारसं घेतलेलं नाही. गिऱ्हाईक येतं, माझ्या पातेल्याचा फोटो काढतं आणि "बघून सांगतो, अंकल" म्हणून जातं. कुठं बघणार ते मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात मीही फोनवरून एक चमचा मागवला. भांडीवाल्याच्या घरात विकतचा चमचा. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तो घरपोच देणारा दारात उभा राहून "ओटीपी, सार" म्हणतो, मी आकडे सावकाश सांगतो. रविवारपर्यंत पाच चमचे झाले. हसलीस तर हस.

काल कीर्तना म्हणून कॉलेजातली एक मुलगी आली होती. पूर्वी लोक खरेदी कशी करत, हा तिच्या अभ्यासाचा विषय. मी म्हटलं, बरोबर माणूस गाठलास, बस. दोन तास मीच बोलत होतो. तुझी आजी बोहारीण, कोल्हापुरात डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन हिंडायची, दोन जुनी लुगडी नि एक पँट यांवर एक डबा द्यायची. बाई "नको नको" म्हणत पाटीजवळ टेकली की सौदा झालाच, हे मी तिच्या मागून चालता चालता शिकलो. इथं आलो तेव्हा तमिळ कुणाला येत होतं? पण आखूड "वेंडाम" म्हणजे खरंच नको, आणि ताणलेलं "वेंडाऽम" म्हणजे आणखी एक दाखवा, हे आठ दिवसांत कळलं. तेवढ्या भांडवलावर हे दुकान उभं राहिलं. पुढं टी. नगरात मजल्यांवर मजले चढलेली दुकानं आली. किंमत चिकटवलेली, बोलायचं कामच नाही. तरी लग्नाचा बस्ता झाला की लोक भांड्यांना माझ्याकडेच यायचे, कारण भांड्यावर नाव मी स्वतः घालून द्यायचो, बसल्या जागी, मशीननं.

सगळं लिहून घेतलं आणि मग तिनं विचारलं, "सार, तुमचे कान एवढे तिखट, तर कधी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलंत का?"

"रोज," मी म्हणालो. "नवरा-बायको आपसात भाव ठरवतात तेव्हा दुकानदारानं बहिरंच असावं लागतं."

ती हसली, तेही लिहून घेतलं. ती गेल्यावर मला गल्ल्यावर बसवेना.

रुचिरा, तुझ्या रुखवताची एक्कावन्न भांडी होती. "रुचिरा-सिद्धार्थ" हे नाव मी दुसऱ्या कुणाला घालू दिलं नव्हतं. नावं घालत होतो त्या दिवशी तू आणि सिद्धार्थ दुकानात डब्यांच्या रांगेमागं उभे होतात. तो अगदी हळू बोलत होता, गोड आवाजात. "बाबांसमोर नीट हसायचं. तुझ्या नोकरीचं काय ते मी ठरवीन." मग तू म्हणालीस, "हात सोड, दुखतंय."

मी मशीन चालू केलं.

हातात भांडं नव्हतंच. नुसतंच घुरघुरत ठेवलं. हॉल ठरला होता, पत्रिका गेल्या होत्या, चाळीसेक भांड्यांवर नावं पडली होती. नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी मीच दुकानात लावलेली. तोच नियम पोटच्या पोरीला लावला.

आठ दिवसांनी तू लग्नाला नाही म्हणालीस, आणि मी काय विचारलं ते तुला पाठच असेल. "आता ह्या भांड्यांचं काय करू?" तुझी आई असती तर तिनं आधी तुझं मनगट पाहिलं असतं.

तू बॅग भरलीस. तीन वर्षं मी लोकांना सांगतोय, पोरगी हट्टी, एका शब्दावरून गेली. तुला वाटत असेल, बाबाला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, धंद्याच्या सवयीनं बोलून गेला. तसं तुला वाटू देणं मला सोयीचं होतं. मला माहीत होतं.

भांडी आज सकाळी मोडीत दिली. एवढ्यासाठीच सांगतो, की कधी आलीस तर ती माळ्यावर दिसणार नाहीत.

येत्या २१ तारखेला, रविवारी, मी सकाळच्या बसनं सिरुसेरीला येतोय. दहा वाजता तुझ्या इमारतीच्या फाटकाशी असेन. दुकानाचं, गुडघ्याचं काही काढणार नाही. तुला काय काय सोसावं लागलं, ते विचारायला येतोय. सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नकोस, मी नुसता बसेन. भेटायचंच नसेल तर वॉचमनकरवी "घरी नाही" असं मात्र कळवू नकोस. "भेटायचं नाही" असंच सरळ सांग. आपल्या दोघांत खोटं बोलायचं काम आजवर मी एकट्यानं केलंय, त्यात तू पडू नकोस. मी परतीची बस धरीन.

तीन वर्षं उशिरा विचारणारा,
तुझा बाबा