व्हर्नाक्युलर म्हणजे कोणती, ताई?

धार, भाद्रपद वद्य एकादशी

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. दसरा झाला की बकुळेला कायमची न्यायला देवासहून गाडी धाडतेस, हा निरोप पोचला. पोरीचं मराठी पार बिघडलं, आईविना ती वाहवत चालली, हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण उत्तर लिहायला बसलो की डोकं गरगरतं, म्हणून आधी शाळेतली गंमत सांगतो.

शाळा तपासायला इंग्रज साहेब आले आणि त्यांनी विचारलं, इथली व्हर्नाक्युलर कोणती? हेडमास्तर मोरोपंत म्हणाले, मराठी, राजवाड्यात तीच चालते. कारकून म्हणाला, छे, हिंदी. साहेब हसले. त्यांच्या लेखी इंग्रजी सोडून जे काही असेल ते सगळं व्हर्नाक्युलरच! तुमच्या देवासला तर 'व्हर्नाक्युलर मास्तर' म्हटलं की पगार कमी, एवढाच अर्थ. मास्तर म्हणून मी कोश उघडला. मूळ लॅटिन शब्द निघाला धन्याच्या घरी जन्मलेल्या गुलामाचा. पुढे अर्थ दिला होता, घरची बोली. आता घर कुठलं, हे कोश कसा सांगणार? इथल्या माळवी बोलीचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही, आणि वर्गातली पोरं तर तीच बोलत होती.

घरी आलो तर भिंतीवर बकुळेनं काढलेली शेणाची संजा. पितृपक्षात इथल्या मुली रोज संध्याकाळी ती काढतात, तिला फुलं चिकटवतात आणि माळवीत गाणी म्हणतात. आपल्याकडे श्राद्धाचे दिवस आणि ही खुशाल गाते आहे! ओरडणार होतो. पण तिची आई, सीता असती तर रागावली असती की फुलं आणून दिली असती, हेच मला ठरवता येईना.

परवा अविधवा नवमी. सीतेच्या नावानं जेवायला भटजी आणि सवाष्ण म्हणून यमुनाबाई आल्या. त्यांना द्यायचं लुगडं पाटाजवळ ठेवलं होतं. बकुळेनं ते उचललं आणि समोरच्या राजाबाई माळणीकडे धूम ठोकली. सीता गेली तेव्हा पोर तान्ही होती. तेव्हापासून राजाबाईनंच तिला अंगाखांद्यावर वाढवलं, हे तू जाणतेस. भटजी इथूनच ओरडले, अगं, ते तुझ्या आईच्या नावाचं आहे! पोर तिथूनच म्हणाली, "म्हारी बई के ज तो दियो!" आईलाच तर दिलं, म्हणते.

यमुनाबाई पानावरून उठल्या. राजाबाई बिचारी घाबरून आली, लुगडं उंबऱ्यावर ठेवून मागे सरली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि बकुळा "बई, बई" करून रडत होती. ताई, शास्त्र मला कळत नाही, भाषा तर त्याहून नाही. मी लुगडं उचललं, रस्ता ओलांडला आणि राजाबाईच्या हातात दिलं. भटजी न जेवता गेले. उद्या गाव काय म्हणेल, देव जाणे.

म्हणून हे लिहितोय. गाडी धाडू नकोस. तू तिला जिवापाड सांभाळशील, उत्तम मराठी शिकवशील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तुला फार वाईट वाटेल, कदाचित माझ्याशी बोलणारही नाहीस. पण आई गेली तेव्हा बकुळेला काही कळत नव्हतं. आता दुसरी आई सुटली तर कळेल.

तुझाच,
माधव