खिडकीजवळची खुर्ची

७ जानेवारी, मंगळवार
निर्णय पक्का. सलूनसाठी तीन खुर्च्या परदेशातून मागवायच्या. तिकडचं एक बडं सलून बंद पडलंय, त्यांच्या. हायड्रॉलिक, जवळजवळ नव्या, इथल्या निम्म्या भावात. दादा म्हणाला, ते सलून बंद का पडलं ते आधी विचार. थोरला भाऊ आणि अर्धा भागीदार, म्हणून ऐकून घेतो.
संकल्प: वर्षअखेर दुसरी शाखा.

२८ जानेवारी
खुर्च्या बंदरात अडकल्यात. कुठलासा कागद कमी पडतोय. एजंट म्हणतो, घाबरू नका, कागद आला की फक्त शिक्का कमी पडेल. तिथलं जागाभाडं चढतंय. बायको म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिला शांतपणे समजावलं की बचत झालेलीच आहे, फक्त ती सध्या खर्चात आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार
एकदाचं घोडं गंगेत न्हालं! लाल कातडं, चकचकीत स्टील. खिडकीजवळ जी ठेवलीय, तिच्या हातावर कुणाच्या तरी बोटांनी झिजलेली जागा आहे. म्हणजे माल अस्सल.
किरकोळ अडचण: तिन्ही उंचावर अडकल्यात. पेडल दाबलं की वर जातात, खाली येत नाहीत. एजंट म्हणाला, वापराने सुटतील.
जुन्या खुर्च्या भंगारात देणार होतो. दादा आपली टेम्पोत घालून घरी घेऊन गेला. तेवढ्यात मास्तर दाढीला आले. मला शाळेत शिकवायचे, आता वाकून एवढेसे झालेत. कसेबसे खिडकीजवळच्या खुर्चीत चढवले. पाय लोंबकळत होते. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. अर्धी दाढी झाली आणि म्हणाले, उतरव रे बाबा, भोवळ येते. बाकावर बसा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, पुढच्या मंगळवारी पुरी कर. साबण पुसून तसेच गेले.
खुर्ची छान आहे, असंही म्हणाले. मास्तर खोटं बोलत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मास्तर आले नाहीत. दादाही नाही. त्याला विश्रांतीची गरज होतीच. घरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून लोकांचे केस कापतोय, तेवढाच विरंगुळा.
मी स्टुलावर उभा राहून कापतो. कामाकडे वरून बघण्याची सवय चांगली.

५ मार्च
दादाचा फोन. मास्तर अंथरुणाला खिळलेत. तो दाढी करायला गेला, तर त्याला हात लावू देईनात. धाकट्याने अर्धी केलीय, तोच पुरी करील, म्हणाले. तू आज जाऊन ये, असं दादा दोनदा म्हणाला. दुसऱ्या फोनवर एजंट होता. मंगळवारी नक्की जाणार.

९ मार्च
मास्तर गेले. मंगळवार यायच्या आधीच. याला मी काय करणार?

११ मार्च, मंगळवार, दुपार
आनंदाची बातमी! खिडकीजवळची खुर्ची खाली आली. आपोआप. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि हळूहळू पार तळापर्यंत. एजंटला कळवलं, वापराने सुटली. मग लक्षात आलं, मास्तर उतरले त्या दिवसानंतर तिच्यात कुणी बसलंच नव्हतं.
संध्याकाळी पुन्हा वर गेली. पेडलला कुणी पाय लावला नाही. ऑइल सील खराब असणार.

१८ मार्च, मंगळवार
आली खाली. त्याच वेळेला. एकुलतं एक गिऱ्हाईक अर्ध्या कटिंगमधून उठून गेलं. लोक फार भित्रे झालेत. सुटा भाग मिळत नाही. बनवणारी कंपनीच बंद पडलीय.

२५ मार्च, मंगळवार
आज मीच नॅपकिनने खुर्ची झटकली आणि या म्हटलं. सवयीने. गिऱ्हाईक नसलं की सवय मोडते, म्हणून सराव हवाच.

१ एप्रिल, मंगळवार
दिवसभर दुकान बंद ठेवलं. हिशेबाचं काम होतं. घरूनच केलं. हिशेब फारसा नव्हता. बायकोने विचारलं, कशाला घाबरताय? घाबरतोय कोण? पण झोप लागत नाही, हे खरं.

८ एप्रिल, मंगळवार, दुपार
केस मानेवर आलेत. लहानपणापासून दादा माझे कापतो, मी त्याचे. स्वतःचे कुणाला कापता येतात? शेवटी गेलो. व्हरांड्यात गर्दी, सगळे आपलेच जुने लोक. नंबर लाव, म्हणाला. लावला. माझी पाळी आली तसा जुन्या खुर्चीत बसलो. पाय जमिनीला टेकले आणि काय झालं कळेना, डोळेच भरून आले.
दादाने विचारलं, दुकानात कोण आहे?
मी म्हणालो, मास्तर आहेत.
त्याची कात्री थांबली. मग मानेवरचं कापड काढलं आणि म्हणाला, आधी त्यांची पुरी करून ये.
आलोय. खुर्ची खाली आलीय. वाटीत साबण फेसलाय, वस्तऱ्याला नवं पातं लावलंय. तासभर झाला, ब्रश हातात घेऊन उभा आहे. डावी बाजू राहिली होती की उजवी, तेच आठवत नाहीये.